'मग रडत बसतात' म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मुंबईत राहून माहिती कोणाला नसते? बायका स्वतःच दुखणं अंगावर काढतात आणि मग रडत बसतात. लेख लांबलाय, तपासणी कुठे होते ते लिहिलेलं नाही आणि लसीचं एवढं कौतुक कशाला?"

लेख लांबला, मान्य. पण "मग रडत बसतात"? आजारी बाईबद्दल हे लिहायला तुमचा हात धजावला कसा?

माझी मावशी लालबागच्या चाळीत राहायची. पाळी जाऊन काही वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त जायला लागलं. तिनं दुखणं अंगावर काढलं नाही, लगेच डॉक्टरकडे गेली. "या वयात होतं असं" म्हणून गोळ्या देऊन तिला परत पाठवलं. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं तरी पिशवीचं तोंड तपासून घ्यायचं असतं, हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. नळावर जगाच्या गप्पा व्हायच्या, हा विषय सोडून. निदान झालं तोवर आजार पसरला होता. यात तिची हयगय कुठली, ते दाखवा.

आणि बायकांना पर्वा नसते म्हणता? टाटा मेमोरियलनं १९९८पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत, जेमतेम दहावी झालेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. आजार समजावून सांगायचा, मग दर दोन वर्षांनी पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग, म्हणजे बिघडलेल्या पेशींची खूण, उठतो का ते बघायचं. तिथल्या ८९ टक्के बायका तपासणीला आल्या! कामधंदा, पोरंबाळं, पाणी भरणं, सगळं सांभाळून आल्या, कारण कुणीतरी दारात येऊन नीट बोललं. या आजारानं होणारे मृत्यू तिथे उरलेल्या वस्त्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईतच घडलंय हे, काका.

लसीचं कौतुक मी करणारच. या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्ही या विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात आणि लस या दोघांनाही अडवते. तपासणीचं म्हणाल तर जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात चौकशी करता येते, त्यासाठी माझ्यावर डाफरायची गरज नव्हती.

तुमच्या घरातल्या तिशी ओलांडलेल्या बायकांची तपासणी झालीय का, हे आधी विचारा. आणि पुढची प्रतिक्रिया "रडत बसतात" वगळून लिहिलीत, तरच ती इथे दिसेल.