गावची कमान आणि तालुक्याचे पुस्तक

गेल्या दिवाळीत आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटावर वर्गणीचा विषय निघाला. दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आमचे लहानसे गाव आहे. गावाबाहेर काळ्या दगडातले महादेवाचे जुने देऊळ आहे. त्या देवळाकडे वळणाऱ्या रस्त्यावर सिमेंटची मोठी कमान उभारावी आणि तिच्यावर ‘प्राचीन पांडवकालीन हेमाडपंती शिवमंदिर’ असे ठळक अक्षरांत लिहावे, असे तरुण मंडळींनी ठरवले होते. मी सतरा वर्षांपासून मँचेस्टरच्या उत्तरेला एका जुन्या गिरणगावात राहतो आणि गटात माझी ओळख मुख्यतः वर्गणी देणारा अशीच असल्यामुळे माझ्याकडून फक्त आकडा अपेक्षित होता. मी आकड्याऐवजी सूचना पाठवली की, कमानीच्या खर्चाच्या थोड्याशा भागात तालुक्यातील देवळे, दर्गे, गढ्या, विहिरी आणि जुने बाजार यांची माहिती देणारे शंभरेक पानांचे पुस्तक छापता येईल. चुलतभावाने ताबडतोब लिहिले, “दादा, पुस्तक कोन वाचते? कमान त सारेच पायतात.” त्याच्या उत्तराला अठ्ठावीस अंगठे मिळाले. माझ्या सूचनेला तीन मिळाले आणि त्यांतला एक माझ्या बायकोचा होता.

भावाचे म्हणणे मी हसण्यावारी नेलेले नाही. पुस्तक कोण वाचते हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे माझ्यापुरते उत्तर फारसे अभिमानास्पद नाही. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मी वऱ्हाडात राहिलो. पण आमच्या घरापासून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर असलेले रिद्धपूर मी कधी पाहिले नव्हते. शाळेच्या पुस्तकांतून मला सह्याद्रीचे किल्ले पाठ झाले, विदर्भाच्या वाट्याला मात्र कापूस, संत्री आणि वाघ एवढेच आले असे आज आठवते. रिद्धपूरची आणि माझी पहिली भेट इथल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात झाली, आणि तीही इंग्रजीतून. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या रिद्धपुरातील लीळांचे, म्हणजे त्यांच्या वागण्याबोलण्याच्या आठवणींचे, केलेले भाषांतर 1984 मध्ये प्रसिद्ध झाले होते. मी ते चाळायला म्हणून घेतले आणि त्या गावच्या गल्लीबोळांतून मनाला येईल तसे फिरणारा, कोणाच्याही घरात शिरणारा, पाहणाऱ्यांना कधी वेडा तर कधी देव वाटणारा तो अवलिया वाचता वाचता, ही माझ्याच जिल्ह्यातली गल्ली आहे हे मला सहज पटेना. विदर्भाच्या खेड्याचे सातशे वर्षांपूर्वीचे रोजचे जगणे परक्या भाषेत वाचताना अभिमान आणि शरम या दोन्ही गोष्टी एकदमच वाटल्या.

पुढच्या सुटीत अमरावतीला ‘स्थानपोथी’ मिळवली. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेला हा चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचा ग्रंथ माझ्या मते मराठीतील स्थळवर्णनाचा पाया आहे. तरी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले, बसले, जेवले, निजले, ती ठिकाणे पुढच्या पिढ्यांना सापडावीत म्हणून केलेली ही नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या दक्षिणेला काय आहे, दार कुठल्या अंगाला आहे, नदी कोणत्या बाजूने वाहते, एवढेच ती सांगते आणि पुढच्या गावाला निघते. तिच्यात वर्णनाचा फुलोरा नाही आणि भावनेचा उमाळाही नाही. मात्र ज्या देवळांचा आज एक दगडही जागेवर नाही त्यांचे दार पूर्वेला होते की उत्तरेला, हे कळण्याचे दुसरे साधन बहुतेक ठिकाणी उरलेलेच नाही. या पंथाची पोथ्यापुस्तके शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती बाहेरच्या वाचकांपुढे येऊ लागली, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्याला हा प्रदेश किती उशिरा वाचता आला ते कळते.

ती पोथी पिशवीत घालून मी चार दिवस मोटारसायकलवर फिरलो. अचलपूरला ‘अळजपूर’ आणि मेहकरला ‘मेघंकर’ म्हणणाऱ्या त्या जुन्या नावांमुळे एस.टी.च्या पाट्यांवरची गावेसुद्धा वेगळी दिसू लागली. महानुभाव भाविक अशा प्रत्येक स्थानावर ओटा बांधतात. लहानपणी असे ओटे मी पाहिले होते. पण ते कुणाच्या तरी समाधीचे असावेत अशी माझी समजूत होती. आता एका ओट्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना मी दिशा विचारू लागलो, तेव्हा त्यांनी पोथी हातातही न घेता पूर्वेला काय होते आणि पश्चिमेला काय होते ते क्रमाने सांगून टाकले. सातशे वर्षांची वस्तू एका माणसाच्या तोंडी जिवंत होती आणि त्या गावातल्या शाळेला तिचा पत्ता नव्हता.

आता कमानीवरचा मजकूर पाहू. पांडवांचा आणि हेमाडपंतांचा एकमेकांशी काही संबंध नाही; हेमाडपंत म्हणजेच हेमाद्री हा तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेला मंत्री होता. शिवाय ज्यांना हेमाडपंती म्हणतात ती चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेली बरीच देवळे त्याच्या जन्मापूर्वीची आहेत. आमच्याच तालुक्यात लासूरला आनंदेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे. त्याच्या खांबांशेजारी आमच्या गावचे खांब ठेवून पाहिले असते, तर कमानीवर काय लिहावे याचा वाद निदान योग्य वाटेला लागला असता. ‘हेमाडपंती’ हा शब्द आपण इतका सैल वापरतो की, पुढे काही शोधण्याची गरजच उरत नाही. त्यातच जीर्णोद्धाराच्या नावाखाली गाभाऱ्याला न्हाणीघराच्या फरशा बसवल्या जातात आणि कोरीव खांबांना ऑइलपेंट लागतो. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. आपल्या दगडावर काय कोरले आहे हे सांगणारे पुस्तक हाताशी नसते, आणि मग रंग हीच भक्ती ठरते.

मी राहतो त्या गावाच्या वाचनालयात ‘स्थानिक इतिहास’ असे लिहिलेली दोन कपाटे आहेत. इंग्लंडमधल्या परगण्यांचा सविस्तर इतिहास लिहिण्याचा एक प्रकल्प 1899 मध्ये सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. याबद्दल कुणाला लाज वाटत नाही, हे मला विशेष आवडते. जर्मनीतून निर्वासित म्हणून आलेल्या निकोलस पेव्हस्नर या कलेतिहासकाने 1951 ते 1974 या काळात देशातल्या इमारतींची परगणावार नोंद 46 खंडांत केली. त्या नोंदीही अशाच कोरड्या आहेत: दार, खिडकी, मनोरा, पुढचे गाव. सुमारे सहाशे वर्षे आधी आमच्याकडे हेच काम भक्तीपोटी झाले होते, असे मी इथल्या ग्रंथपालबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी त्या पोथीचे इंग्रजी भाषांतर मागितले. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

परंतु ही कपाटे पाहून भारावून जावे असे मला वाटत नाही, कारण त्यांत एक मोठे भोक आहे. त्यातली निम्मी पुस्तके सुती गिरण्यांची आहेत. कोणत्या गिरणीत किती चात्या होत्या, धुराडे कधी पाडले, मालकाने चर्चला किती देणगी दिली, सगळे आहे. कापूस कुठून आला ते मात्र दोन ओळींत संपते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इथल्या गिरण्या कापसाविना ओस पडल्या आणि मँचेस्टरचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस-कमिशनर नेमला गेला आणि 1870 मध्ये खामगावच्या बाजारापर्यंतचा लोहमार्ग व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते उघडला गेला. त्याच वर्षी इंग्रज अधिकारी लायलने संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर, म्हणजे प्रदेशाच्या माहितीचे सरकारी पुस्तक, छापले गेले. माझ्या आजोबांच्या आजोबांनी वेचलेला कापूस मी आज राहतो त्या गल्लीच्या टोकाच्या गिरणीत आला असेल, हे सिद्ध करता येणार नाही आणि नाकारताही येणार नाही. इथल्या कपाटात खामगाव नाही आणि खामगावच्या कपाटात हे गाव नाही.

गॅझेटियरविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, साहेबाने लिहिले तेच खरे. दुसरा म्हणतो, साहेबाने लिहिले म्हणून टाकाऊ. ते सारावसुलीसाठी आणि बंदोबस्तासाठी लिहिले गेले, हे खरेच आहे. म्हणून त्यात माणसे जातवारीने मोजलेली दिसतात आणि विहीर दिसते ती महसुलाच्या नजरेने. तरीही आठवडी बाजाराचे वार, यात्रांची ठिकाणे आणि पिकांची नावे त्यातच सापडतात. त्याला उत्तर म्हणून आपल्या माणसांनी लिहायला सुरुवात केलीच होती: यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ 1924 चा आहे. कोकणात जन्मलेल्या वा. वि. मिराशींनी नागपुरात राहून वाकाटकांच्या ताम्रपटांवर आयुष्य घालवले. सोलापूरहून आलेल्या मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या जंगलाला शब्द दिले. आमच्याबद्दल कुणी लिहितच नाही, ही गटावरची नेहमीची तक्रार म्हणूनच मला अर्धीच मान्य आहे. लिहिणारे होऊन गेले आहेत आणि त्यांतले काही तर बाहेरून आले. आमच्या गावच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात यांतले एकही पुस्तक नाही. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके मात्र तीन वर्षांची आहेत. त्या मुलांना नोकरी हवी आहे आणि मार्गदर्शके मागणे हा त्यांचा हक्क आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

परदेशातून बोलणाऱ्याचे भान एका प्रसंगाने मला चांगले आले. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद रुळांवरून धावणारी ‘शकुंतला’ बंद पडली. ती वारसा म्हणून जपावी की मार्ग ब्रॉडगेज करावा, हा वाद आमच्याकडे बरीच वर्षे चालू आहे. तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरला बनलेले होते आणि ते 1994 पर्यंत धावले. त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. माझ्या घराजवळ 1987 पासून स्वयंसेवक एक जुना लोहमार्ग चालवतात. रविवारी लोक हौसेने त्या गाडीत बसतात आणि उतरून चहा घेतात. मी त्याची छायाचित्रे गटावर टाकली. अंजनगावच्या माझ्या मावसबहिणीने लिहिले, “दादा, तुमी फोटो काढाले येता, आमाले दवाखान्यात जा लागते.” ज्यांच्याकडे जाण्यायेण्याची दुसरी सोय आहे त्यांनाच जुनी गाडी जपण्याची चैन परवडते, हे मला तिच्याकडून शिकावे लागले. मी माझे मत बदलले आहे: ब्रॉडगेज व्हावे आणि शकुंतलेचे पुस्तक व्हावे. स्टेशनमास्तरांच्या आठवणी, लाल रंगाची तिकिटे, कारंजा आणि दारव्ह्याच्या कापसाच्या गाठी हे सारे पुस्तकात राहू शकते आणि त्यासाठी कुणाला दवाखाना लांब पडत नाही.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. दोन्हींचा मला आनंद आहे. पण या विषयांवरची इकडे ऐकू येणारी चर्चा इमारत, निधी आणि श्रेय यांच्यापलीकडे क्वचितच जाते. सिंचनाचा अनुशेष मोजावा तसाच आपण वारसाही मोजतो: कुठल्या तीर्थाला किती कोटी, पश्चिम महाराष्ट्राला किती आणि आपल्याला किती. विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचे ठरवणाऱ्या 1953 च्या नागपूर करारापासूनची ती मोजदाद अन्यायकारक वागणुकीतून आली आहे, म्हणून मी तिला हसत नाही. मात्र उद्या वेगळे राज्य झाले तरी आमच्या देवळाचे दार कोणत्या दिशेला आहे याची नोंद मुंबईऐवजी नागपूर करणार नाही. ती आमच्याच कोणाला तरी वही आणि टेप घेऊन करावी लागेल.

कमानीला मी शेवटी वर्गणी दिली. ‘पांडवकालीन’ हा शब्द गाळावा अशी अट घातली होती. त्यावर दोन बैठका झाल्या असून ‘प्राचीन’ राहील, ‘हेमाडपंती’ राहील आणि पांडवांचे नंतर पाहू, असे ठरल्याचे कळते. पुस्तकासाठी गावच्या शाळेतल्या एका गुरुजींनी सातवीच्या मुलांना कामाला लावले आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी वहीच्या पानांची छायाचित्रे पाठवली. त्यांत अकरा विहिरी आहेत, त्यांतल्या तिघींची नावे दोन-दोन प्रकारे लिहिली आहेत आणि महादेवाचे देऊळ पश्चिमेकडे तोंड करून असल्याचे म्हटले आहे. मला ते लहानपणापासून पूर्वाभिमुख आठवते. मी गुरुजींना पुन्हा एकदा सकाळी जाऊन पाहायला सांगितले आहे.