कागदावरच्या डागाने तेलाची शुद्धता कळत नाही

‘शुद्ध इसेन्शियल ऑइल घरच्या घरी ओळखा’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. (इसेन्शियल ऑइल म्हणजे वनस्पतीतून काढलेलं, उडून जाणारं सुगंधी तेल.) त्यात म्हटलंय: कागदावर थेंब टाका, डाग राहिला तर भेसळ. फ्रीजरमध्ये गोठलं तर भेसळ. वाफेवर काढलेल्या तेलात कीटकनाशक येतच नाही. आणि अस्सल तेलाजवळ जंतू फिरकत नाहीत. यावर विसंबलात तर चांगलं तेल फेकून द्याल आणि खराब तेल लेकरांच्या अंगाला लावाल.

आधी कागद. खोबरेलासारखं न उडणारं तेल मिसळलेलं असेल तर डाग ते दाखवतो, हे खरं. पण भेसळ करणारा इतका भोळा नसतो. चंदनाच्या तेलातलं सँटालॉल 300 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, त्यामुळे अस्सल चंदनतेलाचा डागही लवकर जात नाही. सुगंधी तेलं वाढवायला वापरतात ते डायइथाइल थॅलेट बिनरंगी, जवळजवळ बिनवासाचं. तेही साधारण तेवढ्याच तापमानाला उकळतं. कागदाला या दोघांतला फरक कळणार कसा? गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे तेलाची वाफ करून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत, मात्र आलेखावर दोघांची शिखरं वेगवेगळी उमटतात आणि कशाचं प्रमाण किती तेही कळतं. आयएसओ 3518 या मानकानुसार भारतीय चंदनतेलात अल्फा-सँटालॉल 41 ते 55 टक्के असायला हवं.

लव्हेंडरची भेसळ याहून बेरकी. त्यात कारखान्यात बनवलेलं लिनॅलूल (लव्हेंडर तेलातलाच एक मुख्य सुगंधी घटक) घातलं तर ते उडून जातं, कागद कोरा राहतो आणि भेसळीचं तेल ‘पास’ होतं. साध्या क्रोमॅटोग्राफीलाही ते चकवू शकतं, कारण रेणू तोच. फरक त्याच्या ठेवणीत आहे: लव्हेंडरचं झाड बहुतांशी ‘आर’ रूप तयार करतं, कारखान्यातल्या मालात ते रूप आणि त्याची आरशातली प्रतिमा निम्मी-निम्मी असते. ही दोन रूपं वेगळी करायला कायरल कॉलमच (आरशातल्या अशा जोड्या वेगळ्या करणारी क्रोमॅटोग्राफीची खास नळी) लागतो.

फ्रीजरचा दावा तर उलटाच आहे. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मेंथाची (पुदिन्याच्या जातीतल्या पिकाची) मोठी शेती होते, आणि मेंथा तेल थंड करूनच मेंथॉलचे स्फटिक काढतात. बडीशेपेचं तेलही अ‍ॅनेथॉलमुळे थंडीत घट्ट होतं.

कीटकनाशकांचं म्हणाल, तर त्यातली काही वाफेबरोबर वर येतात आणि तेलात विरघळतात. संत्र्याच्या सालीचं तेल तर बहुधा दाबूनच काढतात. सालीवरची फवारणी त्यात थेट उतरते. शुद्धतेच्या नेहमीच्या रिपोर्टात हे अंश सहसा दिसत नाहीत, त्यांची तपासणी वेगळी करावी लागते.

जंतूंचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. 2021 मध्ये अमेरिकेत चार राज्यांत चौघांना मेलिऑयडोसिस (जिवाणूमुळे होणारा गंभीर आजार) झाला, दोघे दगावले. माग निघाला तो लव्हेंडर-कॅमोमाइलच्या रूम स्प्रेपर्यंत, आणि तो बनला होता भारतात. एका रुग्णाच्या घरातल्या बाटलीत या आजाराचा जिवाणू बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय सापडला, जनुकीय तपासणीत दुवा जुळला, आणि सुमारे 3,900 बाटल्या परत मागवल्या गेल्या. लेबलवर लव्हेंडर होतं म्हणून पाण्यातला जिवाणू मेला नाही.

तेल घेताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि त्याच बॅचचा जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफीला घटक ओळखणारं यंत्र जोडून केलेल्या चाचणीचा) रिपोर्ट मागा. बाटलीवरचा बॅच नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळला नाही, तर तो रिपोर्ट तुमच्या बाटलीचा नाही.