सिएरा, संत्या आणि खालची फ्रेम

टाटांच्या नव्या सिएरा गाडीवरून निगडीच्या आमच्या कट्ट्यावर एवढं पेटेल असं वाटलं नव्हतं. किंमत सगळ्यांना पाठ होती, रंग निवडून झाले होते, घेणार कुणीच नव्हतं. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात संत्याने तोंड उघडलं.

"खाली फ्रेम नाही, तिला सिएरा म्हणायचं? नुसतं नाव विकायला काढलंय. पत्र्याचा डबा आहे डबा."

संत्याची जगाकडे बघायची एकच रीत आहे: वजन. मोबाइल जड पाहिजे, गळ्यातली चेन जड पाहिजे, गाडीचं दार लावलं की 'धप्' झालं पाहिजे. पोराच्या बारशाची पत्रिका त्याने इतकी जाड छापली की पाकिटात मावेना. दारात स्कॉर्पिओ आहे, मागच्या काचेवर सिंह आहे, आणि पेट्रोल पंपावर हवा भरतानासुद्धा तो खाली वाकून फ्रेम आहे ना, बघून घेतो.

"नव्वदच्या दशकातली सिएरा म्हणजे गाडी होती," तो पुढे म्हणाला. "खाली लोखंडी फ्रेम, वर बॉडी. उगाच नव्हती चालत ती."

"१९९१ ला सिएरा आली तेव्हा तू चड्डीत शाळेला जात होतास," देशमुखकाका म्हणाले. काका एरवी कट्ट्यावर डुलक्या काढायला येतात, पण त्यांच्या नोकरीच्या काळातली गाडी निघाली की टक्क जागे होतात. "आणि ती फ्रेम कुणी सिएरासाठी हौसेने घडवली नव्हती. टाटामोबाइल पिकअपची हाताशी होती, तिच्यावर तीन दारांची बॉडी बसवली, मागे ती वळवलेली काच. लोक काचेवर भाळले. खाली कोण वाकून बघतंय? फ्रेमशिवाय संपूर्ण कार उभी करायला टाटांना १९९८ ची इंडिका उजाडावी लागली. मारुती ८०० तर १९८३ पासून बिनफ्रेमची पळत होती."

"म्हणूनच ती चुरगळायची!"

"तुझ्या मामाची चुरगळली, कारण मामा," इरफान म्हणाला.

इरफानचं ट्रान्सपोर्टनगरीत ट्रकच्या चासीचं काम आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. माझं त्याच्याकडे झुकतं माप आहे, हे आधीच सांगून टाकतो. बाकीचे गाड्यांविषयी बोलतात, हा गाड्यांखाली झोपतो.

संत्याने आता हुकमी पत्ता टाकला. "हायवेला बघा ना. ट्रकची नुसती चासी, म्हणजे खालची फ्रेम, इंजिन आणि चाकं, चालवत नेतात. टप नाही, दारं नाहीत, ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून, गॉगल लावून निघालाय. बिनबॉडीची चालते! आता तुमच्या मोनोकॉकची, त्या बॉडी हीच फ्रेम असलेल्या गाडीची, बॉडी काढा आणि दाखवा चालवून."

मुद्दा बिनतोड होता, हे कबूल करायला हवं. संत्याकडून असे मुद्दे कधी कधी चुकून निघतात.

"शंभर टक्के बरोबर," इरफान म्हणाला. "म्हणून तर ट्रकला तीच लागते. एकाच चासीवर कुणाला टँकर पाहिजे, कुणाला टिपर, कुणाला दुधाची गाडी. एसटीने दापोडीला, चिकलठाण्याला, हिंगण्याला इतकी वर्षं काय केलं? चासी आणायची, वर आपली बॉडी बांधायची. गोव्यात सत्तरीला बसच्या बॉड्या बांधतात ते तेच. पण तू तुझ्या स्कॉर्पिओवर उद्या टँकर बसवणार आहेस का?"

"पाण्याचा बसवेल," काका म्हणाले. "त्याच्या प्लॉटिंगला पाणी कुठंय?"

यावर बराच वेळ गेला. त्या प्लॉटमध्ये आमच्यातल्या दोघांचे पैसे अडकलेत, त्यातला एक मी.

प्रसाद इतका वेळ गप्प होता, म्हणजे आत तयारी चालली होती. तो हिंजवडीला बसून संगणकाच्या पडद्यावर गाड्या आपटतो. हुशार आहे, पण बोलायला लागला की पुढची स्लाइड कधी येते याची वाट बघावी लागते. काकांच्या नातीच्या निकालाचे पेढे आले होते. त्याने पेढे वर्तमानपत्रावर ओतले आणि रिकामा खोका उचलला.

"हे बघा. झाकण काढलं. आता पिळतो." खोक्याची दोन टोकं धरून त्याने उलटसुलट पीळ दिला. एक कोपरा वर, समोरचा खाली, खोका लगेच वेडावाकडा झाला. मग टपरीवाल्या भाऊकडून चिकटपट्टी घेऊन झाकण चारही बाजूंनी चिकटवलं. "आता पिळ, संत्या. जोर लाव."

संत्याने जोर लावला. खोका हलला नाही. संत्या लाल झाला.

"पुठ्ठा तोच," प्रसाद म्हणाला. "फक्त तोंड बंद केलं. चासीच्या लाँग मेंबरचंही, म्हणजे त्या दोन लांब दांड्यांचंही, असंच. शंभर बाय पन्नासची, तीन मिलिमीटर पत्र्याची बंद नळी घे, आणि तिला फक्त लांबीभर उभी चीर दे. वजन तेवढंच राहतं, पण पिळाला जो विरोध होतो तो तीनशे पटींहून जास्त घसरतो. वाकायचं गणित अजून वेगळं. तिथे पत्र्याची जाडी दुप्पट केलीस तर कडकपणा साधारण दुप्पटच. तेवढ्याच जाडीचा, पण दुप्पट उंचीचा चॅनेल केलास तर तो चार-पाच पटींनी वाढतो. लोखंड किती, याच्यापेक्षा ते कुठे ठेवलंय ते बघायचं. मोनोकॉकमध्ये छत, खांब, फरशी, सगळं मिळून एक मोठं बंद खोकं होतं. शिडीसारखी फ्रेम मात्र बिचारी चपटी, जमिनीला समांतर पडलेली. तिला पीळ—"

"थांब," इरफान म्हणाला. "मग ट्रक बनवणारे येडे का? ते चॅनेल उघडाच ठेवतात. इंग्रजी सी अक्षरासारखा, सी सेक्शन."

प्रसाद थांबला. ही स्लाइड त्याच्याकडे नव्हती.

"ट्रक खडीच्या खाणीत जातो. एक चाक खड्ड्यात, समोरचं दगडावर. चासी जर तुझ्या चिकटवलेल्या खोक्यासारखी ताठ राहिली, तर एक चाक हवेत लटकणार. उघड्या चॅनेलची चासी थोडा पीळ खाते, चाकं जमिनीला टेकतात. स्प्रिंगच्या पाट्यांचं अर्धं काम चासी करते. म्हणून क्रॉस मेंबर, म्हणजे मधले आडवे दांडेपण, रिव्हेटने ठोकतात. सरसकट वेल्ड मारलं तर तो जोड हलायचं नाव घेत नाही, आणि मग वेल्डच्या कडेलाच तडा. बंद नळीत चिखलपाणी शिरलं तर आतून कुजते, बाहेरून कळतसुद्धा नाही. उघडा चॅनेल मी बॅटरी मारून बघू शकतो."

"म्हणजे कारला ताठ पाहिजे आणि ट्रकला लवचिक," मी म्हणालो, काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"तू पेढा खा," इरफान म्हणाला.

संत्याला वाटलं इरफान त्याच्या बाजूचा. त्याने इरफानच्या पाठीवर थाप मारली. "बघ! शेवटी चासी ती चासी. काही करा, मोडत नाही."

ही थाप त्याला महागात पडली. "मोडत नाही? रथ विसरलास?"

रथाची गोष्ट कट्ट्यावर दर गणपतीला निघते. यावेळी मुदतीआधी निघाली. मंडळाने भंगारातल्या ट्रकची चासी घेऊन विसर्जनाचा रथ केला होता. अध्यक्ष संत्या. त्याला मागे लायटिंगची उंच कमान पाहिजे होती, शेजारच्या मंडळापेक्षा हातभर वर. कमान उभी करायची मागच्या चाकांच्याही मागे, जिथे चासी नुसती बाहेर लोंबते. इरफान म्हणाला होता, बोल्ट मारायचे तर चॅनेलच्या वेबमध्ये, म्हणजे उभ्या पाठीत मारू, मध्यावर, ब्रॅकेट लावून. त्याला एक दिवस लागला असता. संत्याने दुसराच कारागीर आणला. त्याने फ्लँजवर, म्हणजे चॅनेलच्या वरच्या आडव्या पट्टीवर ड्रिल टेकवला, दणादण भोकं पाडली, वरून बोल्ट, खालून नट, तासाभरात काम फत्ते. इरफानपेक्षा स्वस्तात.

विसर्जनाच्या सकाळी हार बांधायला मी रथावर चढलो होतो. कमानीच्या पायाशी, पुढच्या भोकाच्या कडेपासून फ्लँजच्या बाहेरच्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ होती, आणि तिच्यातून तांबूस गंज झिरपून रंगावर ओघळला होता. बोटाने पुसला, तर खाली रेघ आणखी ठळक. मी इरफानला फोन केला. तो आला, बघितलं, आणि रथाभोवतीची पोरं आधी लांब केली.

"दोन चाकांच्या मध्ये चासी वजनाने खाली वाकते, तिथे खालची फ्लँज ताणात," तो आता प्रसादला सांगत होता, प्रसाद मान डोलवत होता. "मागे लोंबणाऱ्या भागात उलटं, तिथे ताण वरच्या फ्लँजला. वेब मध्यावर असते, तिथे वाकण्याचा ताण जवळजवळ नसतो. म्हणून कंपनी भोकं वेबमध्ये पाडते. ह्याने नेमकं जिथे सगळ्यात जास्त ओढ, तिथेच भोक पाडलं, त्याच्यावर कमानीचा डोलारा, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला हिसका. आणि वर मला म्हणतो, वेल्डिंग मारून दे, मिरवणुकीला दोन तास आहेत!"

"मारून दिलं असतं तर काय झालं असतं?" संत्याने मान वर न करता विचारलं.

"तो पत्रा साधा नसतो. ताकदीचा असतो. तापवला की जोडाच्या बाजूला नरम पडतो. तडा जोडाशेजारी परत सुरू. तडा थांबवायचा तर त्याच्या टोकाला आधी भोक पाडायचं, खोबण करून नीट भरायचं, आतून दुसरा चॅनेल लावून बांधून घ्यायचा. दोन तासांत होत नाही ते. कमान उतरवली म्हणून तुझी मिरवणूक निघाली."

"बुटका गणपती म्हणाले सगळे."

"बाप्पाची मूर्ती तेवढीच होती. बुटका तू दिसलास."

पुढे इरफानने ती दुरुस्ती केली, तिचे पैसे मंडळाने अजून दिलेले नाहीत. खजिनदार म्हणतात 'किरकोळ'मध्ये दाखवलेत. कुणाला दिले ते दाखवलेलं नाही.

कोंडीत सापडल्यावर संत्या सुरक्षेकडे वळला. "ते जाऊ दे. फ्रेमवाल्या गाडीत माणूस वाचतो."

प्रसादला आता परत मैदान मिळालं. "२०१६ साली ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आपटून तारे देणाऱ्या संस्थेने, एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटली. मोठ्यांच्या सुरक्षेला किती तारे? शून्य. २०२२ ला स्कॉर्पिओ-एन आपटली. पाच. फ्रेम दोघींना होती. २०२१ ला एक्सयूव्ही ७०० ला पाच, आणि तिला फ्रेमच नाही. तेव्हा—"

"तेव्हा आमच्याकडे एअरबॅग नव्हती एवढंच."

"एवढंच?" काका म्हणाले.

प्रसाद सांगत राहिला. ताशी ६४ किलोमीटरला रुंदीच्या ४० टक्के भागावर धडक देतात, तेव्हा पुढचा भाग ठरवून चुरगळायला हवा आणि माणसं बसतात तो भाग तसाच राहायला हवा. फ्रेमच्या टोकांनाही तसं चुरगळायला शिकवावं लागतं, नाहीतर तो सगळा धक्का थेट बसलेल्यांच्या छातीवर. बाजूने कुणी ठोकलं किंवा गाडी उलटली तर मुख्य काम खांबांचं आणि छताचं, खालच्या शिडीचं नव्हे. हे सगळं बरोबर होतं. पण कट्ट्यावर तिसऱ्या वाक्यानंतर बरोबर असून उपयोग नसतो. लोकांनी पेढे संपवले.

इरफानने एका वाक्यात आवरलं. "फ्रेम ओझं वाहायला असते, संत्या. आणि तुझं ओझं ती इमानाने वाहतेय."

"आणि ते धप्?"

"दाराला फ्रेम नसते रे."

टपरीवाल्या भाऊने मध्येच तोंड घातलं, त्याच्या भावाची टुरिस्ट गाडी आहे. तो म्हणे अजून इनोव्हा क्रिस्टाच चांगली म्हणतो, नव्या इनोव्हा हायक्रॉसला फ्रेम नाही म्हणून नको. मागे बसणाऱ्यांना विचारलं का, तर म्हणे त्यांना कोण विचारतंय. टुरिस्टवाल्यांचं एक मात्र पटतं. गाडी लाख लाख किलोमीटर पिदडायची, टपावर बॅगांचा डोंगर, रस्ते गावाकडचे; असल्या वापराला फ्रेम सोसते. पण संत्याची गाडी निगडीतून निघते आणि शेजारच्या प्राधिकरणात थांबते.

"मग डोंगरात कोण जाणार?" संत्याचा शेवटचा किल्ला. "मोनोकॉक घेऊन ऑफरोडला जाऊन दाखवा."

"लँड रोव्हरची डिफेंडर," प्रसाद लगेच म्हणाला. "शिडीच्या फ्रेमची जुनी २०१६ ला बंद झाली. नवीनला फ्रेम नाही, ॲल्युमिनियमचा मोनोकॉक. अंशाला २९ किलोन्यूटन-मीटर. फ्रेमवाल्या नेहमीच्या गाड्यांच्या तिप्पट ताठ, असं कंपनीच सांगते."

"अंशाला म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे गाडीला एक अंश पीळ द्यायचा तर—"

"नको, राहू दे."

"पैसे पडतात त्याला," संत्या म्हणाला. हेही खरं होतं. "आणि ऑफरोडचं मला शिकवू नका. अलिबागला कोण गेलं होतं पाण्यापर्यंत?"

"गेलास," मी म्हणालो. "आलास कशाने?"

अलिबागच्या वाळूत संत्याची गाडी चाकं बुडेपर्यंत रुतली होती. भरती चढत होती, संत्या फोनवर ओरडत होता, शेवटी बैलगाडीवाल्याने दोरी लावून ओढली. बैलांना फ्रेम असते का मोनोकॉक, यावर मग चर्चा गेली. काका म्हणाले कणा असतो म्हणजे फ्रेम. प्रसाद म्हणाला बरगड्या धरल्या तर मोनोकॉक. भाऊ म्हणाला खेकडा तर पक्का मोनोकॉक, सगळं बाहेरच. हसता हसता काकांना ठसका लागला, पाणी आणावं लागलं.

संत्या मात्र हसत नव्हता, तो इरफानच्या कानाशी लागला होता. हळू बोलायचा प्रयत्न होता, पण संत्याचं हळू आम्हाला सगळ्यांना ऐकू येतं.

"ऐक ना, गाडीला मागे ओढायचा हूक लावून घ्यायचाय. चासीला दोन भोकं पाडून देशील?"

"देतो की," इरफान म्हणाला. "वेबमध्ये पाडणार. आणि आधी रथाचे पैसे."

"ते मंडळाचे आहेत."

"मग हूकपण मंडळालाच लावू. पुढच्या वर्षी तुम्हाला ओढायला बैलच लागणार आहेत."