गजांत अडकलेलं डोकं नक्की कोणाचं?

सात-आठ वर्षांच्या पोरांना "तुमची एक खरी आठवण गोष्टीसारखी लिहा" असं सांगितल्यावर काय होतं, हे कोणीतरी आधी कानावर घातलं असतं तर मी मुकाट गणिताचा वर्ग मागून घेतला असता. मला वाटलेलं, सोप्पंय. राक्षस नको, परी नको, जे झालं ते लिहायचं, बस्स.

पहिल्या दिवशी चौदापैकी नऊ जणांना काहीच आठवत नव्हतं. काही म्हणजे काहीच. याच पोरांना मी गेल्या वर्षी कोणाला एक स्टिकर जास्त दिला होता ते व्यवस्थित पाठ आहे आणि त्यावरून अजून भांडणं होतात, पण वही उघडली रे उघडली की सगळ्यांचे चेहरे कसे धुतल्यासारखे स्वच्छ. एकाने फारच गंभीरपणे विचारलं, "टीचर, माझ्या लहानपणीचं लिहू की आत्ताचं?" वय वर्षं सात.

बाकीच्या पाचांचं सगळं "काल" घडलेलं होतं. यांच्या कॅलेंडरात दोनच वार, काल आणि एकदा. आज सकाळच्या आधीचं जे काही आहे, पार जन्मापर्यंत, ते काल.

शेवटी खिडकीपाशी बसणारा एकजण उठून म्हणाला की तो सायकलवरून पडला होता. मी खूश. पण आठवणी कांजिण्यांसारख्या पसरतात हे मला माहीत नव्हतं, पुढच्या पाच मिनिटांत सगळा वर्ग सायकलवरून पडलेला होता, गुडघे दाखवायला पँटी वर, कोणाचं रक्त जास्त आलं यावर वाद. एकीला मी म्हटलं, अगं तुझ्याकडे सायकलच नाहीये ना? तर म्हणे, "मी चालताना पडले, पण सायकल बाजूला होती."

त्यात माझे प्रश्न म्हणजे पोलीस चौकशी. भीती वाटली? हो. दुखलं? हो. रडलास? नाही. संपली गोष्ट. मग मी जरा वाचलं तेव्हा कळलं की आईबाप "आणि मग काय झालं?", "तिथे अजून काय होतं?" असे मोकळे प्रश्न विचारत मुलांशी गप्पा मारतात तेव्हा मुलं जास्त बारकाव्यांनी आठवणी सांगायला लागतात, यावर चिकार अभ्यास झालाय. हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न विचारला की हो किंवा नाहीच मिळणार, हे कळायला मला संशोधन वाचावं लागलं हे जरा लाजिरवाणंच आहे, असो.

तर मी त्या खिडकीवाल्याला विचारलं, पडल्यावर सगळ्यात आधी काय दिसलं? तो म्हणाला, "मुंगी." माझ्या अंगावर काटा. मग? "ती माझ्या नाकासमोरून गेली. थांबली पण नाही." म्हटलं लिही, लिही, हेच लिही, अगदी अस्सं! वीस मिनिटांनी वही आली. "काल मी पडलो. मग मी उठलो. मग मी घरी गेलो. मला खूप मजा आली."

मुंगी कुठे गेली रे?

"मुंगीचा मु पहिला की दुसरा ते माहीत नव्हतं."

एका उकारापायी एवढी भारी मुंगी गेली! त्या दिवसापासून मी फळ्यावर लिहून ठेवलं की चुकलं तरी चालेल, शुद्धलेखन नंतर बघू. खरं तर या वयात तोंड धावतं आणि हात रांगतो. बोलताना दहा मिनिटं चालणारी गोष्ट कागदावर उतरेपर्यंत चार वाक्यांची होते, म्हणून आता आधी शेजारच्याला सांगायचं, मग चित्र काढायचं आणि मग लिहायचं. याने फरक पडला. इतका पडला की आईबाबांचे मेसेज यायला लागले. "मॅडम, ते बाबा बाथरूममध्ये फोन घेऊन लपतात हे वाक्य गाळता येईल का?" नाही येत. वर्गातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे ते.

पण खरा फटका मलाच बसला. नमुना म्हणून मी माझी स्वतःची आठवण सांगितली होती, खिडकीच्या गजांत माझं डोकं अडकलं तेव्हाची. कानाला लागणारं गार लोखंड, आजोबांनी डोक्याला फासलेला साबण, डोळ्यांत गेलेला फेस. वर्ग नुसता चिडीचूप. त्याच खुशीत संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं ते दादाचं डोकं होतं. तू दीड वर्षाची होतीस, खाली बसून टाळ्या वाजवत होतीस."

दीड वर्ष! साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना आठवतच नाही, म्हणजे टाळ्यासुद्धा माझ्या नाहीत. दादाने घरी हजारदा सांगितलेली गोष्ट मी साबणासकट ढापली होती. तेवढ्यापुरतं एकच समाधान, की माझी संगत मोठी आहे. मुलांच्या विचारांवर आयुष्यभर काम केलेले स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे, त्यांनाही बाबागाडीतून आपल्याला पळवायचा प्रयत्न झाला होता आणि आपल्या आयाने कसं वाचवलं ते लख्ख आठवायचं, तिच्या तोंडावरच्या ओरखड्यांसकट. ते साधारण 15 वर्षांचे असताना तिने पत्र लिहून कबूल केलं की सगळं रचलेलं होतं, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळही परत केलं. 1995 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी तर 24 जणांना "तुम्ही लहानपणी मॉलमध्ये हरवला होतात" अशी खोटी गोष्ट घरच्यांच्या नावाने सांगून पाहिली, साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ते थोडंफार किंवा पूर्ण आठवायलाही लागलं.

दादाला फोन केला नाही. तो वर्षभर पुरवून पुरवून चिडवेल.

दुसऱ्या दिवशी वर्गात कबुली दिली, कारण "खरी" हा शब्द फळ्यावर मीच मोठ्या अक्षरांत लिहिला होता. सांगितलं की ते डोकं माझं नव्हतं. जरा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरची एकजण मला धीर देत म्हणाली, "चालतंय टीचर. मी पण ताईचंच लिहिलंय."