दादर बोललात!

गेल्या रविवारी मला मुंबईत उठवलं. झोपेतून नव्हे, बाकावरून. भर लोकलमध्ये, खिशात रीतसर तिकीट असताना आणि तीन जिवाभावाच्या मित्रांदेखत. त्यातल्या दोघांनी तोंड उघडलं नाही. तिसऱ्याने उघडलं ते समोरच्या पार्टीच्या बाजूने. त्याला मी अजून माफ केलेलं नाही आणि हे त्याने वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पार्श्वभूमी फार नाही. आम्ही नाशिकचे तिघं, चौथा कल्याणला फ्लॅट घेऊन राहिलेला. शनिवारी संध्याकाळी त्याच्याकडे पोचायचं, रात्री गप्पा, रविवारी मुंबई, रात्रीच्या गाडीने परत. मुंबईत काय करायचं ते ठरवायचं नाही, एवढंच ठरलं होतं. 'मस्त भटकू रे, कुठेही!' चाळिशी उलटल्यावर हे वाक्य जो उच्चारतो त्याला पोलिसांनी बोलावून समज द्यायला हवी. 'कुठेही' जायला निघालेले चार जण सकाळी नऊला तयार असतात आणि अकरा वाजता चपला शोधत असतात.

आणि रविवारी अकरा म्हणजे मेगाब्लॉक. रूळ, सिग्नल, डोक्यावरच्या तारा, सगळ्यांची डागडुजी दुपारी चार-साडेचारपर्यंत चालते. पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत गाड्या धावतात, मग दुरुस्ती करायची कधी, हे मला कळतं. कळलं म्हणून राग कमी होतो असं नाही. शहराला सुट्टी असते तेव्हाच पाहुणे येणार आणि पाहुणे येतात तेव्हाच रूळ उकरणार.

"काळजी करू नका," कल्याणकर म्हणाला, "फास्ट चालू आहेत. फक्त मुलुंडनंतर स्लोच्या ट्रॅकवरून जातात."

"म्हणजे स्लोच की."

"नाही, फास्टच. वेळ जास्त लागतो."

मुंबईजवळ राहणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. त्यांना हे सगळं पटलेलं असतं.

कल्याणहून सुटणारी गाडी असल्यामुळे आम्हाला बसायला मिळालं. मास्तर (हा खरोखरच शाळेत शिकवतो) खिडकीला टेकून डोंबिवलीच्या आत घोरायला लागला. त्याच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ, मग मी. बँकवाला आणि कल्याणकर समोरच्या बाकावर. माझ्या पलीकडे, जिथे बाक संपतो आणि रेल्वेची जबाबदारीही संपते, तिथे कानात इयरफोन घातलेला एक मुलगा अर्ध्या बुडावर बसला होता. ही चौथी सीट. बाक तिघांचा आहे, हे आंधळ्यालाही दिसेल. पण चौथा आला की तिघांनी सरकायचं आणि त्याने उरलेल्या चार बोटं जागेवर आपला एक पार्श्वभाग टेकवायचा, असा तिथला अलिखित कायदा आहे. दुसरा पार्श्वभाग मोकळ्या हवेत असतो.

या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे आणि निघताना २१ तोफांची सलामी. मी हिशेब केला. एका डब्यात तीस माणसंसुद्धा नव्हती. त्यांच्यातल्या एकालाही कुणी 'जरा सरका' म्हणालं नसणार. त्याच ३४ किलोमीटरच्या टप्प्यावर, उलट दिशेने, माझं जे झालं त्याला कुणी तोफा उडवल्या नाहीत.

ठाण्याला ते चढले.

साठीच्या आसपासचे. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून हातभर बाहेर आलेल्या शेवग्याच्या शेंगा. गर्दीतून वाट काढत ते दोन बाकांच्या मधे येऊन उभे राहिले, सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि माझ्याकडे बघून हनुवटी वर केली.

"कुठे?"

आमच्याकडे 'कुठं निघाला?' असं कुणी विचारलं तर 'हे काय, इथंच' म्हणतात आणि विचारणाऱ्याचंही तेवढ्यावर भागतं. त्या सवयीने मी म्हटलं, "दादर." तेव्हा आमचा बेत तसाच होता. शिवाजी पार्क, थोडं चौपाटीवर, मग बघू.

"दादर," ते समाधानाने म्हणाले. मग मागे वळून आणखी एका उभ्या माणसाला सांगितलं, "हे दादर." त्याने मान डोलावली. मला वाटलं, काय आपुलकी आहे लोकांमध्ये! प्रत्यक्षात मी दादरला उतरलो की जागा त्यांची, असं माझ्या बुडाखालच्या जागेचं खरेदीखत झालं होतं, साक्षीदारासकट.

मुलुंडनंतर गाडी रांगायला लागली. नाहूर, भांडुप, कांजुरमार्ग, विक्रोळी. फास्ट गाडीत बसून इतकी स्टेशनं सावकाश वाचायला मिळतात ती फक्त रविवारी. प्रत्येक हिसक्याला शेवग्याची एक शेंग माझ्या कानात जात होती. मी डोकं डावीकडे घेतलं की शेंग डावीकडे येई. काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पनवेलच्या आहेत," आणि पिशवी तशीच ठेवली.

कुर्ल्याच्या पुढे फोन वाजला. ग्रुपवर बँकवाल्याचा मेसेज. हा माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता, पण मधे इतके पाय होते की मेसेज पाठवणंच सोयीचं. 'दादर कॅन्सल. ऊन फार आहे. भायखळा. राणीच्या बागेत पेंग्विन एसीत असतात.'

यावर मास्तरचा अंगठा आला. तो घोरत होता, तरी आला.

दादर आलं. डबा भराभर रिकामा व्हायला लागला. मी बसून राहिलो.

"चला," काका म्हणाले.

"कुठे?"

"दादर आलं."

"हो, पण आम्ही आता भायखळ्याला उतरणार."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रागावलेला नव्हे, दुखावलेला.

"तुम्ही दादर बोललात."

"हो, तेव्हा बेत तसा होता. आता बदलला."

"बदलला?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "ठाण्यापासून मी दादर धरून उभा आहे. घाटकोपरला ती तिकडची सीट खाली झाली. मेट्रोवाले सगळे तिकडेच उतरतात. मी गेलो? नाही गेलो. का नाही गेलो?"

"का?" इयरफोनवाल्याने एक कान मोकळा करून विचारलं.

"कारण हे दादर बोलले!"

"मी पण ऐकलं," मागचा साक्षीदार म्हणाला. हा कोण, कुठला, देव जाणे. पण साक्ष द्यायला तत्पर.

समोरचा अख्खा बाक तोवर जवळजवळ मोकळा झाला होता. नुसता कल्याणकर खिडकीत आणि बँकवाला त्याला चिकटून. मी म्हटलं, "काका, तिथे बसा ना. जागाच जागा आहे."

त्यांनी त्या बाकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ती माझी नाही. माझी ही आहे."

या वाक्यावर मी निरुत्तर झालो. बसायला जागा हवी असणाऱ्या माणसाला जागा देता येते. ज्याला न्याय हवा असतो त्याचं काय करणार? आणि न्याय तरी कशाचा? दादर ते भायखळा मधे एकही थांबा नाही, दहा मिनिटांचासुद्धा प्रवास नाही.

"तुम्ही कुठे उतरणार?" मी विचारलं.

"भायखळा."

"अहो, मग आपण दोघंही एकाच ठिकाणी..."

"तो प्रश्न नाही. कुठून आलात तुम्ही?"

"नाशिक."

"तरीच," ते म्हणाले, आणि डब्यातल्या चार-पाच जणांनी समजल्यासारखी मान हलवली.

हे 'तरीच' मला अजून सलतं. तरीच काय? नाशिकचा माणूस शब्दाला जागत नाही? आमच्या गावात रामाने वनवास काढला, बापाने दिलेल्या शब्दापायी! हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं रात्री, इगतपुरीला.

तेवढ्यात कल्याणकर बोलला. पंचवीस वर्षांची मैत्री, एका ताटात जेवलेलो, याच्या लग्नात मी रात्रभर जागून मांडव राखलेला. तो म्हणाला, "अरे, सांगितलं होतंस ना दादर? मग उठ की. इथे असंच असतं."

मी उठलो. या वादात दारातून नवी गर्दी आत घुसली होती आणि समोरचा मोकळा बाक भरूनही गेला होता, चौथ्या सीटसकट. काका माझ्या जागेवर बसले. पूर्ण बसले, दोन्ही बाजूंनी. डोळे मिटून त्यांनी एक श्वास सोडला. मग डोळे उघडून खांद्यावरची पिशवी काढली आणि माझ्यापुढे केली.

"जरा धरा. मांडीवर मोडतात."

मी धरली. का धरली ते मला विचारू नका. वडीलधाऱ्या माणसाने पिशवी पुढे केली की आपला हात आपोआप पुढे जातो, हे आपल्या पिढीचं वाटोळं आहे. परळच्या आसपास गाडी सिग्नलला थांबली आणि थांबूनच राहिली. काकांनी पेपर काढून शब्दकोडं उघडलं. आडवा सातवा शब्द त्यांना अडत होता. मला येत होता. मी सांगितला नाही. माझ्याकडून तेवढाच प्रतिकार झाला.

मुंबईच्या शिस्तीचं फार कौतुक होतं. रांगा लावतात, मदत करतात, पाऊस तुंबला तर घरातून चहा आणून देतात. असेल, मी नाकारत नाही. पण कोटभर लोकांनी तिघांच्या बाकावर चौघं बसण्याची सवय लावून घेतली आणि तिला संस्कृती म्हणायला लागले, यात फायदा कुणाचा झाला? चौथ्याचा तर नाही, त्याचं अर्धं अंग बाहेरच. ज्याने जास्त गाड्या आणि जास्त डबे द्यायचे, त्याच्यामागचा तगादा मात्र सुटला. माणसं आपसात भांडतात, एकमेकांना कायदे शिकवतात, नाशिकच्या पाहुण्याला उठवतात. वर कुणी 'कुठे?' विचारत नाही.

भायखळा आलं. काका उठले, पिशवी माझ्या हातातून घेतली, शेंगा मोजल्यासारख्या बघितल्या आणि अत्यंत मोकळ्या मनाने म्हणाले, "बसा आता."

"मला इथेच उतरायचंय, काका."

"बघा," ते साक्षीदाराला म्हणाले, "परत बदललं!"

राणीच्या बागेबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पेंग्विन छान आहेत. हम्बोल्ट जातीचे, मूळचे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, पण इथे आले ते २०१६ मध्ये कोरियातल्या सोलहून. काचेपलीकडे थंडगार हवेत उभे होते. सगळेच उभे, आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. बँकवाल्याने तिकिटं, पाणी आणि वडापावचा हिशेब तिथेच काचेसमोर मांडला. त्यात माझ्या नावावर त्याचाही एक वडापाव निघाला. मी खळखळ केली नाही. तोपर्यंत माझ्यात भांडायची ताकद उरली नव्हती. मास्तर तेवढा काचेला नाक लावून अर्धा तास उभा होता. दिवसभरात खूश असलेला तो एकटाच, कारण अख्खी लोकल तो झोपून होता.

परतीच्या गाडीत मी ठरवून तयारीनिशी चढलो. बसलेल्या एका मुलासमोर जाऊन उभा राहिलो, हनुवटी बरोबर तेवढीच वर केली आणि विचारलं, "कुठे?"

"कर्जत," तो म्हणाला. मोबाइलवरून नजरही न काढता.

कल्याणपर्यंत उभ्याने आलो. कल्याणकराला वाटेत बसायला मिळालं, एकदा नव्हे, दोनदा. कुणाकुणाला विचारून त्याने जागा धरल्या होत्या आणि त्यातली एकही मला दिली नाही. "तू विचारायचं ना," म्हणाला.

सोमवारी सकाळी ग्रुपचा डीपी बदललेला होता. लोकलचा डबा, मधे मी, तोंड वाकडं, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली पिशवी आणि माझ्या डोक्यामागून उगवलेल्या शेवग्याच्या शेंगा. फोटो कल्याणकराने काढलेला. म्हणजे मी उभा होतो तेव्हा हा बसल्या बसल्या कॅमेरा लावत होता. मी लिहिलं, ताबडतोब काढ. त्याने लिहिलं, काढतो. आज गुरुवार आहे. बायकोने तो फोटो तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकलाय आणि सासूबाईंनी विचारलंय, शेंगा काय भावाने मिळाल्या?