पक्ष्याचा उजवा डोळा आणि माझ्या भाचीची पट्टी

रविवारी व्हिडिओ कॉलवर भाची समोर आली ती डाव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधून. साडेचार वर्षांची पोर. "मामा, माझा मेंदू पक्ष्यासारखा हुशार होणारे," म्हणाली आणि पाण्याचा पेला उचलायला गेली तर हात पेल्याच्या अलीकडेच पडला. ताईला विचारलं, तर तिने पालकांच्या ग्रुपवरचा मेसेज मला पाठवला. "अरे, नोबेल मिळालेलं संशोधन आहे. आधी वाच, मग बोल."

वाचला. थोडक्यात असा: स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचं होकायंत्र, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखायची क्षमता, फक्त उजव्या डोळ्यात असतं, कारण उजवा डोळा डाव्या मेंदूला जोडलेला असतो. माणसाचंही तसंच. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांचा डावा डोळा रोज दोन तास झाकावा, म्हणजे बुद्धीचा डावा मेंदू जागा होतो.

आधी पट्टीबद्दल बोलतो, बाकीचं नंतर. बघायला फक्त डोळा पुरत नाही, मेंदूलाही बघायला शिकावं लागतं आणि हे शिक्षण पहिल्या सात-आठ वर्षांत होतं. म्हणजे मेसेजमध्ये पट्टीसाठी जे वय सांगितलंय, तेच सगळ्यात नाजूक. या काळात दोन्ही डोळे मेंदूतल्या जागेसाठी एकमेकांशी झगडत असतात. जो बंद राहतो, त्याची जागा दुसरा बळकावतो. ह्यूबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली. नंतर टाके काढले तेव्हा डोळा ठणठणीत होता, पण त्या डोळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मेंदूत जवळजवळ उरल्या नव्हत्या. ऐन नाजूक आठवड्यांत तीन-चार दिवस डोळा झाकणंही पुरलं. मोठ्या मांजरांवर मात्र असा परिणाम झाला नाही.

या कामाला १९८१ साली नोबेल मिळालं. त्याच वर्षीच्या त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग रॉजर स्पेरी यांना होता, मेंदूच्या दोन अर्धांची कामं वेगळी असतात हे दाखवल्याबद्दल. ताई, डाव्या-उजव्या मेंदूची सगळी चर्चा जिथून निघाली, त्याच पारितोषिकाच्या उरलेल्या अर्ध्यात लहान वयात डोळा झाकल्याचे परिणाम लिहिलेले आहेत.

दोन तासांच्या पट्टीने प्रत्येक मुलाची नजर जाईल असं मी म्हणत नाही. पण झाकलेल्या डोळ्याला आधीच नंबर असेल आणि तो कुणाच्या लक्षात आला नसेल, तर? एका डोळ्याने नीट दिसत असलं की मूल तक्रार करत नाही. डॉक्टरही पट्टी देतात, हे खरं. पण ती 'आळशी डोळ्या'साठी, आणि चांगल्या डोळ्यावर, दुबळ्याला कामाला लावायला. तास ठरवून देतात, मधेमधे तपासायला बोलावतात, कारण झाकलेला चांगला डोळाही मागे पडू शकतो.

आता 'माणसाचंही तसंच'. अजिबात नाही. पक्ष्याच्या एका डोळ्याचे जवळपास सगळे मज्जातंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात. माणसात साधारण निम्मे ओलांडतात, निम्मे आपल्याच बाजूला राहतात. डावा डोळा झाकला तरी उजवा डोळा मेंदूच्या दोन्ही बाजूंना बातमी देतच राहतो. पट्टीने डावा मेंदू जागा व्हायचा प्रश्नच येत नाही.

राहिलं पक्ष्यांचं होकायंत्र. इथे थोडं खरं आहे, ते मान्य करतो. २००२ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या विल्चको या शास्त्रज्ञ दांपत्याने सहकाऱ्यांसोबत 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत युरोपियन रॉबिन या छोट्या स्थलांतरी पक्ष्यावरचा प्रयोग छापला. (आपल्याकडचा दयाळ तो हा नव्हे.) नरसाळ्यासारख्या पिंजऱ्याला आतून टाइपरायटरची चूक खोडायचा पांढरा कागद लावायचा. स्थलांतराच्या दिवसांत पक्षी ज्या दिशेला झेपावतो, तिथे कागदावर नखांचे ओरखडे उमटतात. डावा डोळा झाकला तरी ओरखडे योग्य दिशेला होते. उजवा झाकला, तर कुठेही.

मेसेज इथेच थांबला. २०११ साली जर्मनीतल्याच ओल्डेनबर्गच्या संशोधक गटाने त्याच जातीच्या पक्ष्यांवर काम करून 'नेचर'मध्येच लिहिलं की होकायंत्र दोन्ही डोळ्यांत आहे. आणि २०१२ साली खुद्द फ्रँकफर्टच्याच गटाला आढळलं की पहिल्या शरदात कोवळा रॉबिन कुठल्याही डोळ्याने दिशा ओळखतो. उजव्याचा वरचष्मा पुढच्या वसंतापर्यंत येतो, आणि तेव्हाही उजवा डोळा सहा तास झाकून ठेवला की डाव्याला पुन्हा जमू लागतं. त्यापुढच्या शरदात मात्र ही सवय पक्की झालेली असते. पिल्लाचा डावा डोळा निकामी कुठेच नाही.

'बुद्धीचा डावा मेंदू' यावर फार लिहीत नाही. कोंबडीचं पिल्लू उजव्या डोळ्याने खड्यातून दाणा निवडतं आणि डाव्या डोळ्याने घारीवर नजर ठेवतं. दोन्ही कामं एकाच वेळी जमायला त्याला मेंदूचे दोन्ही अर्ध लागतात, नुसता डावा नव्हे.

सोमवारी ताईचा फोन आला. पट्टी काढलीय, आणि भाचीचे डोळे तपासायला शनिवारची वेळ घेतलीय. पण ग्रुपवर त्या मेसेजखाली 'आम्हीही सुरू केलं' असं लिहिणारे अकरा पालक आहेत. ताई हे आज तिथे टाकणार आहे.