छातीत दुखलं की आधी ईसीजी, बाकी सगळं नंतर

छातीत दुखायला लागलं की आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणतं, पित्त झालंय. मग ओवा खा, सोडा घे, पाठीला बाम लाव, पडून राहा जरा, सकाळी बघू. ह्यात जे तास जातात ना ते परत मिळत नाहीत. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी बंद पडते, ती बंद पडली की पुढचा स्नायू मरायला लागतो आणि जो भाग मेला तो नंतर कितीही महागाचा स्टेंट टाकला तरी जिवंत होत नाही.

२००८ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात क्रिएट नावाचा अभ्यास आला होता, आपल्याच देशातले २० हजारांवर पेशंट. त्रास सुरू झाल्यापासून हॉस्पिटलला पोचेपर्यंतचा मधला आकडा ३६० मिनिटं! म्हणजे निम्म्या लोकांना ६ तास किंवा त्याहून जास्त लागले. आणि आत गेल्यावर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरू व्हायला ५० मिनिटं. तेही जास्तच, पण खरा वेळ जातोय तो घरात आणि रस्त्यात.

रस्त्याचं सांगते. आमच्या माण-खटावकडून साताऱ्याला जायचं म्हणजे तास-दीड तास धरूनच चाला. माझ्या मामांना रात्री त्रास झाला, घामाने बनियन ओलं, डावा हात दुखतोय, पोरांनी शेजाऱ्याची गाडी काढली आणि तालुक्याचा दवाखाना ओलांडून थेट शहर गाठलं. पहिल्या हॉस्पिटलात कॅथलॅब (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करायची खोली) नाही, दुसऱ्यात आधी डिपॉझिट भरा. पहिला ईसीजी निघाला तो तिसऱ्या ठिकाणी. मामा वाचले पण हृदयाचं पंपिंग कायमचं कमी झालं, आता शेतात बांधापर्यंत गेले तरी दम लागतो. पोरांना काय बोलणार, मोठ्या हॉस्पिटलात नेलं म्हणजे लवकर इलाज होतो असंच सगळ्यांना वाटतं.

पण हिशोब असा आहे की दवाखान्यात पाय ठेवल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला पाहिजे. तो मोबाईलवरून हार्टच्या डॉक्टरांना पाठवता येतो, ते तिकडून बघून सांगतात. रक्तवाहिनी बंद पडल्याचं दिसलं आणि अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने ती वाहिनी उघडणं, १२० मिनिटांच्या आत होणार असेल तर पेशंटला तिकडे पळवा, नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच द्या आणि मग पुढे न्या. त्यातलं टेनेक्टेप्लेज तर एका दमात शिरेतून देता येतं. अर्थात रक्तस्राव, पॅरालिसिसचा झटका, नुकतंच झालेलं ऑपरेशन हे सगळं विचारूनच, ते डॉक्टर बघतात.

तमिळनाडूत हेच करून दाखवलंय. छोटी हॉस्पिटलं मोठ्यांना जोडली, ईसीजी आधीच पुढे पाठवला, इंजेक्शन दिलेल्या पेशंटला नंतर अँजिओग्राफीला नेलं. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले, २०१७ ला छापूनही आलंय. नवीन काही शोधायचं नव्हतं हो, असलेली हॉस्पिटलं एकमेकांना जोडायची होती.

घरच्यांसाठी एवढंच की पेशंटला चालवू नका, बाईकवर मधे बसवून तर अजिबात नेऊ नका, १०८ लावा. ॲस्पिरिन चावून खायला द्यायची का ते फोनवर विचारा. आणि खिशातली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) कोणालाही जिभेखाली देऊ नका, बीपी आधीच खाली असेल तर अजून पडतं. बायकांच्या आणि शुगरवाल्यांच्या छातीत कधीकधी दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ भरून येते, आणि घरातली बाई तर स्वयंपाक उरकूनच सांगते. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी येऊ नका, दुखणं चालू असेल तर थोड्या वेळाने परत काढायला सांगा.

माझी मागणी साधी आहे. आपापल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा, रात्री दोन वाजता ईसीजी कोण काढतं, तो वाचतं कोण, आणि इंजेक्शन फ्रीजमध्ये/कपाटात आत्ता आहे का. उत्तर मिळालं नाही तर हाच प्रश्न ग्रामसभेत मांडा, जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी द्या, आमदारांना विचारा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.